ठकूचे पथ्य

संस्कृतात मांजराला मार्जार म्हणतात. पुसणे, स्वच्छ करणे या अर्थाच्या 'मृज्' धातूपासून हा शब्द झाला, असे शब्दकोश सांगतो. पूजेच्या वेळी करावयाच्या 'मार्जना'चे मूळही हेच. दिवसातून दहादा अंग चाटून लखलखीत करणाऱ्या आणि स्वतःची घाण स्वतः मातीने झाकणाऱ्या या प्राण्याला आपल्या पूर्वजांनी यथार्थ नाव दिले, यात शंका नाही. आमच्या घरच्या ठकूच्या बाबतीत मात्र हे नाव निम्मेच खरे ठरत होते. बाहेरून ती पूर्ण मार्जार होती. आतली हकीगत वेगळी होती, आणि तीच आम्हांला येथे सांगावयाची आहे. विषय थोडा नाजूक आहे, हे आम्ही जाणतो. वार्षिकांकात पावसाळ्याची वर्णने येतात, सहलींचे वृत्तांत येतात, थोरांची चरित्रे येतात. पोटातील वायूवर कोणी लिहीत नाही. तथापि तो थोरांनाही होत असणारच.

आमचे गाव संतपूर, औराद तालुक्यातले. येथून महाराष्ट्राची हद्द जवळ आणि तेलंगणाचीही फार लांब नाही. त्यामुळे ठकूला हाका मारणारे लोक निरनिराळ्या भाषांतून मारीत. आम्ही 'मांजर' म्हणू, कानडी बोलणारे 'बेक्कु' म्हणत, पलीकडच्या गल्लीतील चाची 'बिल्ली' म्हणत, आणि एक तेलुगू बोलणारे पाहुणे तिला 'पिल्लि' म्हणाले तेव्हा धाकट्या भावाने ती आता पिल्लू राहिलेली नाही, असे त्यांना गंभीरपणे समजावून सांगितले. ठकू मात्र यांपैकी एकाही भाषेला ओ देत नसे. दुधाच्या पातेल्यावरची झाकणी वाजली, की ती असेल तेथून येई.

ती आमच्याकडे आली ती कोठीघरातील उंदरांसाठी. तूर, उडीद आणि ज्वारीची पोती जेथे रचलेली असतात तेथे उंदीर येतात, आणि उंदीर येतात तेथे मांजर लागते. हा करार फार जुना आहे. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वी माणसाच्या शेजारी पुरलेले मांजर संशोधकांना सापडले आहे, म्हणजे माणसाने धान्य साठवू लागल्यापासून थोड्याच काळात ही जात त्याच्या उंबऱ्याशी येऊन बसली असली पाहिजे. परंतु आमच्या घरात या करारात एक अडचण होती. आमची आजी माळकरी. तिच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, आषाढी-कार्तिकीचे उपवास आहेत, आणि संध्याकाळचा हरिपाठ चुकलेला आम्ही पाहिला नाही. संतांच्या पुरात राहणाऱ्या मांजराने संतांसारखेच राहावे, असा तिचा आग्रह होता. सकाळी म्हशीच्या दुधात कुस्करलेली भाकरी, दुपारी फोडणीचे वरण कालवलेला भात, आणि रात्री पुन्हा वाटीभर दूध. रात्रीच्या वाटीत ती चिमूटभर साखरही टाकी. ठकूने चुकून उंदीर धरलाच, तर आजी खराटा घेऊन धावे, उंदीर उकिरड्यावर जाई, आणि ठकूला प्रायश्चित्त म्हणून अधिक दूध मिळे.

येथे आजीविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आजोबा गेल्यावर ती कित्येक दिवस फारसे बोलत नव्हती. तिच्याजवळ येऊन बसावे तर ती म्हणे, "जा रे, अभ्यास करा." ठकूला अभ्यास नसल्यामुळे ती बसून राही. रात्री आजी स्वतःच्या पेल्यातले दूध वाटीत ओती, दोघी समोरासमोर बसत, आणि मग आजी तिला दिवसभराचे सांगे. आम्ही ते माजघरातून ऐकलेले आहे. तेव्हा ती वाटी केवळ दुधाची वाटी नव्हती.

दुर्गंधी प्रथम हरिपाठाच्या वेळी जाणवली. सगळे हात जोडून बसलेले, समई लागलेली, आणि अकस्मात असा एक दर्प पसरला की आईने पदर नाकाला लावला आणि उदबत्तीचा पुडा शोधू लागली. अशा प्रसंगी कोणी कोणाकडे पाहत नाही, तरीही सगळे काकांकडे पाहतातच. काकांना तुरीचे वरण अतिप्रिय आहे. ते बिचारे मान खाली घालून टाळ वाजवीत राहिले. दुसऱ्या दिवशी तोच प्रकार. मग माळवदात उंदीर मरून पडला असेल असा तर्क निघाला. कोठीतली सर्व पोती बाहेर काढली, कणगीमागे झाडले, लादणीच्या फटींत बॅटरी मारून पाहिले. काही नाही. तिसऱ्या संध्याकाळी धाकट्या भावाच्या मांडीवर ठकू झोपली होती, आणि त्याने झोपेत असलेल्या त्या निष्पाप जीवाकडे बोट दाखवून जे जाहीर केले ते त्याच्या शब्दांत येथे छापता येणार नाही. काका निर्दोष सुटले.

निर्दोष सुटलेला मनुष्य फार कठोर न्यायाधीश होतो. त्यातच उदगीरहून आत्याच्या सोयरिकीसंबंधी बोलणी करावयास पाहुणे आले. ठकू त्यांच्या खुर्चीखाली जाऊन बसली, आणि बैठकीत बोलणी ऐन रंगात आली असता पाहुण्यांपैकी वडीलधारे गृहस्थ काही न बोलता उठून खिडकीपाशी गेले. सोयरीक पुढे जुळली, हे येथेच सांगून टाकतो, कारण आत्या हा लेख वाचणार आहे. पण त्या रात्री काकांनी रिकामे पोते आणून दाराशी ठेवले आणि निर्णय सांगितला : पुढच्या बाजारच्या दिवशी मांजराला मांजरा नदीच्या पलीकडे सोडून यावयाचे. शब्दांतील साम्य आमच्या लक्षात आले, पण हसण्याचे धैर्य कोणालाच झाले नाही. खेड्यापाड्यांत पुष्कळ मांजरांचा निकाल अशाच पोत्यात लागतो. काही चुकत माकत परत येतात. परत न येणाऱ्यांविषयी कोणी बोलत नाही. आजी काहीच बोलली नाही. ती उठली आणि वाटीत दूध ओतले.

बाजाराला सहा दिवस होते. तेवढ्यात शेजारीपाजारी औषधे सुचवू लागले. कोणी म्हणाले ओव्याचा अर्क पाजा, कोणी हिंगाचे पाणी, कोणी म्हणाले लसणाची पाकळी तुपात तळून द्या, पोट साफ होईल. आईने एकच नियम केला : जे माणसाचे औषध आहे ते जनावराच्या तोंडात डॉक्टरांना विचारल्यावाचून जाणार नाही. आम्ही भावंडांनी मात्र एक वही घातली. तिच्यावर धाकट्याने 'गंधवही' असे नाव घातले. रकाने चार : वार व वेळ, खाल्लेला पदार्थ, शौचाची स्थिती, आणि दर्पाची प्रत. प्रतीही ठरवून घेतल्या : सौम्य, मध्यम, आणि 'दार उघडा'. चार दिवसांतच एक गोष्ट स्पष्ट दिसू लागली. रात्रीच्या वाटीनंतर काही तासांनी, पहाटेच्या सुमारास, पानावर ओळीने 'दार उघडा' लिहिलेले होते. ज्या एका रात्री म्हैस आटल्यासारखी झाली आणि ठकूला दूध मिळाले नाही, तिच्या पहाटेला 'सौम्य' असे होते.

पाचव्या दिवशी आम्ही ठकूला टोपलीत घालून, वर फडके बांधून, गुरांच्या दवाखान्यात नेले. तेथील रांगेत देवणी जातीचे दोन भव्य बैल, एक गाभण म्हैस, शेळ्या, आणि आमची टोपली. बैलवाल्या आजोबांनी विचारले, "काय आणलं रे पोरांनो, कोंबडी?" मांजर आहे आणि तिला वायूचा त्रास आहे, असे सांगताच रांगेत जे हास्य उठले त्याने म्हैससुद्धा दचकली. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी ठकूचे पोट चाचपले, हिरड्यांचा रंग पाहिला, वजन केले, आणि मग विचारले, "हिला खायला काय देता?" आम्ही वही पुढे केली. त्यांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, आणि म्हणाले, "असे कागद घेऊन माझ्याकडे कोणी येत नाही." हा त्या दिवसाचा आमचा सर्वांत मोठा मान होय.

त्यांनी सांगितले ते आम्ही परतल्यावर उतरून काढले. दुधात एक साखर असते, तिला दुग्धशर्करा म्हणतात. शंभर ग्रॅम दुधात ती साधारण पाच ग्रॅम असते. ती पचविण्यासाठी लहान आतड्यात लॅक्टेज नावाचा पाचक पदार्थ लागतो. पिलू आईच्या अंगावर पीत असते तोपर्यंत त्याच्या आतड्यात तो भरपूर असतो; दूध सुटल्यावर कमी कमी होत जातो. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना तो पुरेसा उरत नाही. मग न पचलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते, तेथील जंतू तिच्यावर ताव मारतात, ती आंबते, वायू तयार होतो आणि शौचास पातळ होते. वायूचा बहुतेक भाग, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड, याला वासच नसतो. वास येतो तो गंधक असलेल्या वायूंचा. त्यांत हायड्रोजन सल्फाइड हा मुख्य, कुजक्या अंड्याचा. त्याचे प्रमाण अत्यल्प असते, तरी तेवढ्यावर पाहुणे खिडकीपाशी जातात. तुरीच्या डाळीतही काही शर्करा अशा असतात की त्या माणसालाही पचत नाहीत आणि मांजरालाही नाहीत; सकाळच्या दुधात दुपारचे वरण मिळाले की जंतूंची पंगतच. जगातील बहुसंख्य प्रौढ माणसांतही हे लॅक्टेज कमी होत जाते, असे डॉक्टर सहज म्हणाले. त्यावर आम्ही भावंडांनी एकमेकांकडे पाहिले. काकाही रात्री मोठा पेला भरून दूध घेतात. वहीत त्यांच्यासाठी एक पान उघडावे की काय, असा विचार मनात येऊन गेला. वडीलधाऱ्यांचा मान राखून तो सोडून दिला.

फोडणीच्या वरणाविषयी ते अधिक गंभीर झाले. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात. थोडे थोडे रोज पोटात गेले तरी अपाय होतो. शेजाऱ्यांची तुपातली लसूण आठवून आम्ही आईच्या नियमाला मनोमन नमस्कार केला. तसेच तापावरची पॅरासिटामॉलची गोळी. माणसाच्या यकृतात ती निर्विष करण्याची जी व्यवस्था आहे ती मांजराच्या यकृतात फार दुबळी असते. एक गोळीही त्याचा प्राण घेऊ शकते. पोटात जंत असले तरी पोट फुगते आणि दर्प येतो. पिसवा गिळल्याने चपटे जंत होतात. म्हणून त्यांनी वजनाच्या हिशेबाने जंताचे औषध दिले.

शेवटी त्यांनी जे सांगितले ते घरी कसे सांगावे हे आम्हांला कळेना. मांजर हा प्राणी कुत्र्यासारखा मिश्राहारी नाही. तो मुळातच मांसाहारी आहे. टॉरीन नावाचा एक पदार्थ त्याच्या शरीराला पुरेसा बनविता येत नाही. तो मांसात आणि माशात असतो, भाकरीत आणि वरणात नसतो. तो कमी पडला तर मांजराच्या डोळ्यांतील पडदा झिजतो, हे १९७५ साली सिद्ध झाले. हृदयाचे स्नायूही दुबळे होतात, हे १९८७ साली कळले. डॉक्टरांनी ठकूच्या डोळ्यांत उजेड टाकून पाहिले आणि अजून काही बिघडलेले दिसत नाही असे सांगितले. मधूनमधून तिने चोरून खाल्लेले उंदीर आजीच्या खराट्यापेक्षा चपळ ठरले असावेत. आणखी एक गोष्ट त्यांनी हसत हसत सांगितली : मांजराला गोड चवच कळत नाही. गोडीची जाणीव देणारे त्याचे एक जनुक निकामी झालेले आहे, असे २००५ साली संशोधकांनी दाखवून दिले. दुधात तिला आवडते ती साय. साखर तिला कधीच लागली नव्हती.

तेनालीरामाच्या मांजराची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. राजा कृष्णदेवरायाने प्रत्येकाला मांजर पाळावयास दिले आणि त्याच्या दुधासाठी गाय दिली. तेनालीरामाने पहिल्याच दिवशी कढत दूध ठेवून मांजराचे तोंड पोळविले, पुढे ते दुधाला पाहून पळू लागले, आणि गाईचे दूध त्याच्या घरच्यांनी प्याले. गोष्टीत ते मांजर हडकलेले दाखवितात. डॉक्टरांचे बोलणे ऐकल्यापासून आम्हांला वाटते की पोळविणे क्रूर होते खरे, पण त्या बिचाऱ्याला उंदरांच्या मागे जाऊ दिले असेल, तर साऱ्या विजयनगरात पोटाने सुखी असलेले तेच एक मांजर असावे.

घरी आल्यावर लॅक्टेज, गंधक, कांदा-लसूण हे सर्व आम्ही सांगितले. आजीने शांतपणे ऐकून घेतले. साखरेचे सांगितले तेव्हा ती थोडी हसली. मग म्हणाली, "दूध नको, भाकरी नको, वरण नको. मग मी तिला देऊ तरी काय?" याचे उत्तर आमच्या वहीत नव्हते. थोरल्या बहिणीने खाली मान घालून मांसाचे सांगितले, आणि टॉरीनचेही. कोणी काही बोलेना. काका पोत्याकडे पाहत होते. आम्हांला वाटले, आता संपले. माळ तरी राहील, नाही तर मांजर.

आजी बराच वेळ ठकूच्या पाठीवरून हात फिरवीत बसली. मग म्हणाली, "माळ माझ्या गळ्यात आहे. तिच्या गळ्यात मी कधी घातली नाही." आणि काकांना म्हणाली, "ते पोतं उचल. शेंगा भरायला लागेल."

व्यवस्था पुढे अशी लागली. आमच्या चुलीवर काही शिजणार नाही, उंबऱ्याच्या आत काही येणार नाही. पलीकडच्या चाचींनी मीठ-मसाला न घालता उकडलेले कोंबडीचे चार तुकडे, हाडे काढून, रोज परसदारच्या भिंतीवर ठेवावयाचे. शिजलेले हाड चिरफाळते आणि आतड्यात रुतते, म्हणून हाडाविषयी सक्त ताकीद. ठकूने ते तेथेच भिंतीवर बसून खावयाचे. चाचींना त्याबद्दल आमच्याकडून आठवड्याची तूरडाळ जावयाची. चाचींनी पहिल्या दिवशी डाळ परत पाठविली. आजीने दुप्पट पाठविली. तेव्हा त्यांनी ठेवून घेतली. उंदीर धरला तर खराटा उगारावयाचा नाही, असेही ठरले. ठकू उंदीर घेऊन अंगणातून जाऊ लागली की आजी तुळशीकडे तोंड फिरविते आणि 'राम कृष्ण हरी' म्हणते. ते उंदरासाठी की स्वतःसाठी, हे आम्ही विचारलेले नाही.

आहार एका दिवसात बदलावयाचा नाही, अशी डॉक्टरांची सूचना होती. आतड्यातील जंतूंनाही नवे अन्न अंगवळणी पडावयास वेळ लागतो. तेव्हा दहा दिवसांत दूध-भाकरी थोडी थोडी कमी केली आणि दुसरे वाढविले. कांदा-लसणाचे वरण मात्र त्याच दिवशी बंद. पहिले तीन दिवस वहीत काहीच फरक दिसला नाही, आणि काका रोज वही मागून पाहत. सहाव्या दिवशी 'मध्यम'. नवव्या दिवशी 'सौम्य'. तेराव्या दिवशी दर्पाच्या रकान्यात आडवी रेघ आहे. बाराव्या आणि अठराव्या पानांवर 'दार उघडा' असे पुन्हा दिसते. पहिल्या वेळी शेजारच्या लग्नघरची बासुंदी होती, दुसऱ्या वेळेचा तपास लागला नाही.

रात्रीच्या वाटीचे मात्र काय करावयाचे, हा प्रश्न राहिला होता. पहिल्या रात्री ठकू नेहमीच्या वेळी येऊन बसली, आणि आजी रिकाम्या वाटीकडे पाहत राहिली. मग तिने वाटीत गार पाणी ओतले. ठकूने वास घेतला आणि तोंड फिरविले. मांजराची जात मूळची कोरड्या मुलखातली. तहान तिला कमी लागते, आणि पाणी पाजणे हे मोठ्या युक्तीचे काम आहे. आजीने ती युक्ती शोधून काढली. ती वाटीतले पाणी बोटाने हळूहळू हलविते, त्यावर समईचा उजेड चमकतो, आणि ठकू आधी पंजा घालते, मग पिते. याला दुधापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. तेवढ्या वेळात आजीचे दिवसभराचे सांगून होते.

डॉक्टरांनी निघताना बजावले होते की दर्प पुन्हा सुरू होऊन शौचातून रक्त पडले, उलट्या होऊ लागल्या किंवा वजन उतरू लागले, तर घरगुती पथ्यावर भिस्त ठेवू नका, बिदरला न्या. तेथे २००४ च्या कायद्याने स्थापन झालेले राज्याचे पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे, आणि मोठी तपासणी तेथे होते. त्याची गरज अजून पडलेली नाही. ठकूचे वजन मागच्या तपासणीत पावशेराने वाढलेले निघाले. कोठीतले उंदीर कमी झाले आहेत. काकांनी गेल्या महिन्यापासून रात्रीचे दूध सोडले आहे. कारण त्यांनी सांगितलेले नाही, आणि वही आता त्यांच्याच कपाटात असते.